बोली चढली म्हणजे शहराचं भलं झालं?

सार्वजनिक जमीन द्यायचीच असेल तर जाहीर लिलावाने द्यावी, जो जास्त मोजेल त्याला द्यावी, हे मत मी अनेक वर्षं ठामपणे मांडत आलो. जमिनी 'वाटण्याची' आपली रीत पाहिलेल्या कुणालाही ते पटेल. पुढाऱ्यांच्या शिक्षणसंस्थांना नाममात्र दराने भूखंड, खेळाच्या मैदानांवर उभे राहिलेले क्लब आणि मुख्यमंत्र्यांना 2010 मध्ये पायउतार व्हायला लावणारं कुलाब्याचं 'आदर्श' प्रकरण. मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमातलं कलम 79 बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेऊ देत नाही, त्याचा मला मोठा आधार वाटे. लिफाफे सर्वांसमक्ष फुटतात, आकडा मोठ्याने वाचला जातो, वशिल्याला वाव उरत नाही.

आज मी एवढ्यावर थांबत नाही. माझं मत गिरणगावाने बदललं.

2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. मुंबई टेक्स्टाइल 702 कोटींना गेली, एल्फिन्स्टन 441, कोहिनूर क्रमांक 3 421, ज्युपिटर 276, अपोलो 180. एकूण 2,020 कोटी रुपये. सरकारी जमिनीला पुरेपूर दाम मिळाला, याचा तेव्हा मला आनंद झाला होता. पुढे त्या बोलीमागचा नियम नीट वाचला आणि आनंद ओसरला.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 प्रमाणे, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. तिच्यामुळे मालक पुढेच येईनात, ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण 2001 मध्ये जो बदल झाला, त्याने वाटणीसाठी फक्त बांधकाम नसलेली, आधीपासून रिकामी असलेली जमीन धरायची असं ठरलं. गिरणी म्हणजे एकाला एक लागून शेड, खाती, गोदामं. तिच्यात रिकामी जमीन असते किती? शेड पाडल्यावर मोकळी झालेली जमीन मालकाकडेच राहिली आणि शहराचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये या बदलाविरुद्ध कौल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2006 रोजी तो वैध ठरवला.

म्हणजे बोली लावणारा नुसत्या मातीचे पैसे देत नसतो. तिथे काय बांधता येईल आणि शहराला किती सोडावं लागेल, याचा हिशेब मांडून तो आकडा लिहितो. शहराचा वाटा जितका कमी, तितकी बोली वर. त्या 2,020 कोटींत मैदानांची, घरांची, रस्तारुंदीची किंमतही मिसळलेली होती आणि ती आपल्याच खिशातून गेली होती. लिलाव पारदर्शक होता, याबद्दल मला आजही शंका नाही. पण विकायला काय काढलं हे आधीच ठरलं होतं, आणि ते ठरताना परळच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

चार्ल्स कोरिया समितीने 1996 मध्येच सांगितलं होतं की महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी सुट्या सुट्या न पाहता एकत्र धरून आखणी करा. तसं झालं नाही. एकेका कुंपणाआड मनोरे उठले, हजारो नोकरदार रोज तिथे येऊ लागले आणि त्यांची वाट मात्र गिरणीच्या काळातलीच राहिली. सकाळी दहाच्या सुमारास एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर पाय टाकायचा नसे, मागच्यांच्या रेट्याने तो आपोआप पुढे पडे. 29 सप्टेंबर 2017 ला, पावसात, त्याच पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. रेल्वेची जबाबदारी मी कमी लेखत नाही. पण आजूबाजूला शेकडो एकर जमिनीचा कायापालट होत असताना स्टेशनाभोवती माणसांना श्वास घ्यायला जागा काढता आली नाही, याचं उत्तर कुठल्याच लिलावाच्या कागदात नाही.

वशिल्याची वाटणी मला आजही तितकीच नकोशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नैसर्गिक साधनसंपत्तीविषयी मत देताना लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही असं म्हटलं, तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. आता त्यातलं तथ्य दिसतं. लिलाव जरूर करा, पण शहराचा वाटा बोलीआधी ठरवा आणि नंतर तो हलवू नका. जमीन विकू नका, मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या आणि अट मोडली तर ती परत घ्या.

मुंबई महापालिकेने 2024 मध्ये क्रॉफर्ड मार्केट, वरळीचा अस्फाल्ट प्लान्ट आणि मलबार हिल इथले भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने लिलावात काढायचं ठरवलं, तेव्हाही चर्चा झाली ती मुख्यतः किती कोटी मिळतील याचीच. माझी विनंती आहे, तुमच्या शहरात अशी जाहिरात निघाली तर राखीव किमतीच्या आधी त्या भूखंडावरचं आरक्षण बघा. आरक्षण बदलण्याची सूचना निघाली की हरकतींसाठी महिनाभराची मुदत असते. ती चुकवू नका, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.