काठी लागलीच नव्हती

आमच्या घरात एक खोटं सत्तावीस वर्षं जपलं गेलं. माझ्या धाकट्या भावाचा डावा डोळा काचेचा. कुणी विचारलं की आई सांगायची, "लहानपणी खेळताना काठी लागली." सगळ्या हट्ट्याला हेच माहीत. खुद्द भावालाही.

2006 साली त्याची मुलगी आठ महिन्यांची होती. एका रात्री लाईट गेली. भावजयीने बॅटरी लावली आणि घाबरून हाक मारली, "अक्का, पोरीचा डोळा मांजरीवानी चमकतोय!" बाहुलीत पांढरं दिसत होतं. शेजारच्या बाया म्हणाल्या, हिने गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल. सगळा दोष भावजयीच्या पदरात!

तेव्हा आई रडत बोलली. "काठी लागलीच नव्हती. याच्याही डोळ्यात असंच दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले गाठ आहे, डोळा काढला नाही तर पोरगं जाईल. तुम्हा बहिणींची लग्नं व्हायची होती, म्हणून तोंड दाबून ठेवलं."

मुंबईला टाटा हॉस्पिटलात रेटिनोब्लास्टोमा हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. डोळ्याच्या पडद्याचा हा कर्करोग साधारण पंधरा ते वीस हजार मुलांत एकाला होतो, तोही बहुधा पाच वर्षांच्या आत. आपल्या पेशीत आरबी-1 नावाचं जनुक असतं. ते पेशींच्या वाढीला लगाम घालतं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही बिघडल्या की गाठ होते, हे अमेरिकेतले डॉ. आल्फ्रेड नडसन यांनी 1971 साली मांडलं. दहापैकी सुमारे चार मुलांत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते. अशा माणसाच्या प्रत्येक अपत्यात तो बिघाड उतरण्याची शक्यता निम्मी. बाकीच्या मुलांत बिघाड फक्त डोळ्यातल्या पेशीत होतो, तो पुढच्या पिढीत जात नाही. यात ग्रहणाचा संबंध नाही, आणि आईबापाचा गुन्हाही नाही.

पोरीच्या दोन्ही डोळ्यांत गाठी निघाल्या. डावा काढावा लागला. उजवा औषधांनी आणि लेसरने वाचला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बापाचं आधी कळलं असतं तर जन्मल्याबरोबर तपासलं असतं." ते ऐकून भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आईला मी दोष देत नाही. तिने लेकींचे संसार वाचवले, पण त्याची किंमत नातीने मोजली.

ती नात आता नांदेडला शिकते. असा बिघाड असलेल्यांना पुढे हाडाच्या आणि इतर कर्करोगाचाही धोका असतो, म्हणून ती तपासणी चुकवत नाही. परवा तिला स्थळ आलं. आम्ही मोठी माणसं कुजबुजू लागलो, तर तीच म्हणाली, "आत्या, आधी सगळं सांगायचं. ऐकून जे थांबतील तेच माझे."

माताभगिनींनो, बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं, डोळा तिरळा वाटला, तर अंगारा शोधू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांचा डॉक्टर गाठा. आणि घरात कुणाचा डोळा लहानपणी काढलेला असेल, तर तो का काढला हे लेकरांना खरं सांगा.