रिकामा रकाना

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजीचे लग्नातले लुगडे, वडिलांचा सातवीचा दाखला आणि चार घड्या घातलेला एक पिवळा कागद आहे. दर दिवाळीत घर सारवताना तो कागद बाहेर निघतो, थोडा वेळ उन्हात राहतो आणि पुन्हा पेटीत जातो. घरातील कुणालाही तो वाचता येत नाही, कारण तो उर्दूत आहे. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याचे महसुली दफ्तर उर्दूत चाले आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतरही जुने कागद होते तसेच घरोघरी राहिले. आमचा कागद पणजोबांच्या जमिनीचा आहे, एवढेच काय ते आम्हांला ठाऊक होते.

वडील लहान असताना कुणा जाणत्याने त्यातील आकडे तेवढे वाचून दाखवले होते. एक आकडा होता १३५२ आणि दुसरा २–२०. पहिल्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. दुसऱ्याचा अर्थ त्या गृहस्थाने 'दोन हेक्टर वीस आर' असा लावला. म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर! आमच्या ताब्यात तर अवघी अडीच एकर. मग बाकीची तीन एकर गेली कुठे? घरच्यांनी बांधापलीकडे बोट दाखवले. बांधापलीकडे वडिलांचे चुलतभाऊ राहतात. दोन्ही घरांचे लग्नकार्यातले जाणे-येणे बंद झाले. मी कळती झाले तेव्हाही ते बंदच होते.

मी प्रथम वर्षाला नांदेडला आले, तेव्हा तो कागद वहीत घालून बरोबर आणला. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध शिक्षकांकडे मैत्रिणीने मला नेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि हसून म्हणाले, "बेटा, हा फसली सन आहे. यात पाचशे नव्वद मिळव." झाले १९४२. मग म्हणाले, "आणि त्या काळी इथं हेक्टर कुठले? हे दोन एकर वीस गुंठे." चाळीस गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे बरोबर अडीच एकर! जमीन कुठेही गेलेली नव्हती. कागदावरचा एकही आकडा चुकीचा नव्हता. लिहिणाऱ्याच्या मनातले माप वाचणाऱ्याला ठाऊक नव्हते, एवढेच. पण तेवढ्यापायी दोन भावांच्या घरांत तीस वर्षे अबोला राहिला.

शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून मी विचारले, "हे काय?" ते म्हणाले, "कैफियत. म्हणजे तुमचा शेरा." त्याखाली काहीच लिहिलेले नव्हते.

त्या दिवाळीत वडील तो कागद घेऊन बांध ओलांडून गेले. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात फराळाचा डबा होता.

ही हकीकत मी कदाचित विसरूनही गेले असते. पण पुढे चार-सहा महिन्यांतच हिशेबाचे एक काम माझ्याकडे आले आणि जी चूक त्या जाणत्या गृहस्थाने केली होती, तीच मी शिकलेली मुलगी करून बसले. हा लेख त्या चुकीविषयी आहे.

माझी आई गावच्या बचत गटात आहे. आमचे गाव अहमदपूर तालुक्यात, लातूर आणि नांदेड यांच्या मधोमध. गटात बारा बायका, दरमहा प्रत्येकीची शंभर रुपये बचत. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री सर्वजणींना तोंडपाठ आहे. अडचण फक्त पाचव्या सूत्राची. हिशेब लिहिणारी मुलगी लग्न होऊन परभणीकडे गेली. आईचे शिक्षण चौथीपर्यंत. तिला वहीत नोंद करता येते, पण महिन्याचा गोषवारा काढता येत नाही. तेव्हा सर्वांनी ठरवले, की कॉलेजात जाणारी पोरगी आहे, तिने करावे.

वहीचा फोटो मागवून पाहिला. बल्बच्या उजेडात अक्षरे पुसट येत आणि फोटोवरून संगणकाला बेरीज करता येईना. मग आईने मोबाइलवर ओळी लिहून पाठवायच्या आणि मी त्या महाविद्यालयाच्या संगणकावर उतरवून घ्यायच्या, असे ठरले.

माझी खोलीतली मैत्रीण बी. एस्सी.ला संगणकशास्त्र शिकते. ती म्हणाली, "तू जे करायला निघालीस ना, त्याला आमच्यात डेटा सीरियलायझेशन म्हणतात." शब्द ऐकून मी घाबरले. तिने समजावले तेव्हा मला आमच्या घरातली उतरंड आठवली. मडक्यावर मडके रचलेली उतरंड दुसऱ्या घरी न्यायची तर ती आहे तशी उचलता येत नाही. एकेक मडके उतरवायचे, ओळीने न्यायचे आणि तिकडे त्याच क्रमाने पुन्हा रचायचे. संगणकातली माहितीही अशीच रचलेली असते. गटात बायका, प्रत्येक बाईच्या नावावर बचत, कर्ज, परतफेड. वाटेने मात्र ती अक्षरामागून अक्षर अशी एका ओळीत जाते. पलीकडच्या माणसाला ती जशीच्या तशी रचता यावी, म्हणून कितवे मडके कशाचे हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक असावे लागते. ते नेमके लिहून ठेवण्याच्या भाषेला इंटरफेस डिस्क्रिप्शन लँग्वेज म्हणतात.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हाच प्रश्न पडला होता. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८७ साली 'एक्सडीआर' नावाची अशी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात रकान्यांची नावे पाठवतच नाहीत, फक्त आतला मजकूर जातो. नावांचा कागद दोघांकडे अगोदरच हवा. या शतकाच्या आरंभी डग्लस क्रॉकफर्ड यांनी प्रचारात आणलेल्या 'जेसन' पद्धतीत मात्र प्रत्येक मजकुराबरोबर त्याचे नावही जाते. ओळ लांबते, पण वाचणाऱ्याला सोपी होते. आईला लांब ओळी लिहिणे जड, म्हणून मी पहिला मार्ग धरला. आपला सातबारा तरी दुसरे काय आहे? गाव नमुना सात हा अधिकारांचा, बारा हा पिकांचा. रकाना कोणता ते ठरलेले आहे, म्हणून तलाठी बदलला तरी उतारा वाचता येतो.

माझी पहिली ओळ अशी होती: सभासदाचा क्रमांक, नोंदीचा प्रकार, रक्कम, तारीख. मध्ये स्वल्पविराम. नावाऐवजी क्रमांक घेतला, कारण गटात एकाच नावाच्या दोन बायका आहेत. प्रकारासाठी एकेक अक्षर: बचतीला 'ब', कर्जाला 'क', परतफेडीला 'प'. पहिल्याच महिन्यात आईने परतफेड '१,२००' अशी लिहिली. संगणकाने त्या स्वल्पविरामावर ओळ तोडली, एक रुपया परतफेड धरली आणि दोनशे ही तारीख समजला! मग स्वल्पविरामाऐवजी तिरपी रेघ घेतली, तर ती तारखेतल्या रेघेत मिसळली. मी हात टेकले. शेवटी आईच म्हणाली, "मोबाइलवर ती चांदणी असते ना, ती आपण कशालाच वापरत नाही. तीच घाल की." तेव्हापासून आमची ओळ '४*ब*१००*५/४' अशी झाली.

सहा क्रमांकाच्या बाई गट सोडून गेल्या, तेव्हा आईने नव्या बाईला सहा न देता तेरा क्रमांक दिला. "जुन्या पानावर सहा म्हणजे तीच बाई राहायला पाहिजे," असे तिचे म्हणणे. मैत्रिणीला हे सांगितले तर ती चकितच झाली. गूगलने २००८ साली सर्वांसाठी खुल्या केलेल्या 'प्रोटोकॉल बफर्स' या पद्धतीतही हीच ताकीद आहे: काढून टाकलेल्या रकान्याचा क्रमांक पुन्हा दुसऱ्याला देऊ नये. चौथी शिकलेल्या माझ्या आईला ते कुणी शिकवले नव्हते. मला फार अभिमान वाटला. खरे सांगायचे तर थोडा गर्वही झाला, आणि तो आईपेक्षा माझा स्वतःचाच अधिक.

जूनमध्ये माझी परीक्षा चालू होती. गावाकडून ओळी आल्या. त्यांत एक ओळ होती: '९*ब**५/६'. दोन चांदण्यांच्या मध्ये काहीच नाही. संगणकाने रिकामी जागा शून्य धरली आणि मीही पुढे गेले. दुसऱ्या दिवशी पेपर होता. यादी पाठवून दिली: क्रमांक नऊ, बचत शून्य, थकबाकी.

क्रमांक नऊ म्हणजे आमच्या गल्लीतल्या काकू. एकट्या राहतात, दीड एकर कोरडवाहू. मृग तोंडावर आला होता आणि सोयाबीनच्या बियाण्यासाठी त्यांनी गटाकडे तीन हजार रुपये मागितले होते. गटाचा नियम असा, की थकबाकी असेल तिला कर्ज नाही. यादी वाचली गेली आणि काकूंचा क्रम पुढे ढकलला गेला. त्या बैठकीला आई नव्हती. वडील लातूरच्या आडत बाजारात हमाली करतात, त्यांना ताप भरला म्हणून ती तिकडे गेली होती. काकूंनी दुकानातून बियाणे उधारीवर उचलले, अर्थातच जादा भावाने.

परीक्षा संपवून घरी गेले, तेव्हा आईने विचारले, "काकूंचं शून्य कुणी लिवलं?" काकूंनी शंभर रुपये गटाच्या कोषाध्यक्ष बाईंच्या हाती शेतातच दिले होते. त्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. पैसे पोचले का, हे आईला कळले नाही म्हणून तिने जागा मोकळी सोडली. तिच्या लेखी रिकाम्या जागेचा अर्थ 'विचारायचे आहे' असा होता. माझ्या लेखी तो 'दिले नाहीत' असा झाला.

मी काकूंकडे गेले. माफी मागितली आणि विचारले, "काकू, तुम्ही पैसे दिले होते, मग बैठकीत बोलल्या का नाहीत?"

काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बोलावं वाटलं, माय. पण ती पोरगी मोबाइलवर बघून वाचायली. लिवलेलं हाय म्हणल्यावर मला वाटलं, आपूनच इसरलो असू."

हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत. ज्या बाईने पदराच्या गाठीतून स्वतःच्या हाताने नोट काढून दिली, तिने माझ्या यादीपुढे आपल्या हातावरचा विश्वास सोडला. आमच्या घरानेही उर्दू कागदावरच्या दोन आकड्यांवर असाच विश्वास ठेवला होता. ज्या घरांत अक्षर उशिरा आले, त्या घरांत लिहिलेल्याचे वजन फार असते. तेव्हा त्या घरातून पहिल्यांदा लिहायला निघालेल्याने रकाना आखताना किती सावध राहिले पाहिजे! मी चांदणी शोधली, क्रमांक लावले, ओळ आखूड केली. पण जे माहीत नाही ते कसे लिहायचे, याचा विचारच केला नव्हता. मैत्रीण म्हणाली, "अगं, जेसनमध्ये त्यासाठी 'नल' असा वेगळा शब्दच आहे. शून्य वेगळे, नल वेगळे." मी ऐकले होते, पण ध्यानात घेतले नव्हते.

आता आम्ही नियम बदलले आहेत. रक्कम दिली तर आकडा. विचारले आणि दिली नाही तर शून्य. माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह असेपर्यंत कुणालाही थकबाकीदार म्हणायचे नाही. रिकामी जागा आली तर ती ओळच चुकीची. मी ती उतरवून न घेता परत पाठवते. शिवाय मी पाठवलेली यादी कायम करण्यापूर्वी बैठकीत प्रत्येकीची ओळ तिला वाचून दाखवायची आणि तिने "बरोबर" म्हटल्यावरच पुढे जायचे. शेवटी पाचवा रकाना वाढवला, शेऱ्याचा. त्यात जिची ओळ आहे तिला जे सांगायचे असेल ते, तिच्याच शब्दांत. हे सगळे आईने आपल्या अक्षरात लिहून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवले. त्याचीच नक्कल माझ्या वसतिगृहातील खोलीच्या भिंतीवर आहे. आमची इंटरफेस डिस्क्रिप्शन लँग्वेज ती एवढीच, एका पानाची.

गटाने पुढच्या बैठकीत काकूंना कर्ज दिले. दुकानदाराला गेलेले जादा पैसे मात्र गेलेच. ते मी भरून देते म्हटले, तर काकू रागावल्या.

जुलैच्या ओळी आल्या तेव्हा मी सर्वांत आधी नववी ओळ पाहिली. '९*ब*१००*५/७*म्या माझ्या हातानं दिले.' आईने काकूंचे शब्द होते तसेच लिहिले होते. ती ओळ मी दोनदा वाचली आणि मग उतरवून घेतली.

— बी. ए. द्वितीय वर्ष