नाका पार करताना

मेक्सिकोला गाडीनं जायचं म्हटल्यावर ओळखीच्या मंडळींनी दोन सल्ले दिले. पहिला, "कशाला?" आणि दुसरा, "विमानानं जा!" आम्ही सॅन अँटोनियोजवळ राहतो. इथून लॅरेडोची सीमा साधारण दीडशे मैलांवर, म्हणजे पुण्याहून सोलापूरला जावं तितकीच. एम.एस. करायला टेक्सासात आलो त्याला वीस वर्षं होत आली, पण ती सीमा मी कधी ओलांडली नव्हती. डिसेंबर 2019 मध्ये बाबा भारतातून आले होते. नकाशा बघता बघता ते म्हणाले, "अरे, परदेश इतका जवळ आहे आणि तुम्ही गेला नाहीत?" झालं, बेत ठरला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी निघायचं, मॉन्टेरेला तीन रात्री राहायचं आणि रविवारी परत.

बाबांची ओळख करून द्यायला हवी. त्यांची सगळी नोकरी सोलापूरच्या जकात नाक्यावर गेली. महाराष्ट्रातली जकात आता इतिहासजमा झाली. मुंबईत शेवटची उरली होती तीही 1 जुलै 2017ला जीएसटी आल्यावर संपली. पण बाबांच्या डोक्यातला नाका काही उठला नाही. आम्ही हॉटेलं शोधत होतो तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "गाडीचे कागद काय लागतात?"

खरं सांगायचं तर मला नीट माहीत नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की माणसाइतकीच गाडीचीही सरबराई असते. सीमेलगतच्या पट्ट्यात, साधारण वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत, अमेरिकन नंबरची गाडी तशीच नेता येते. त्याच्या आत जायचं तर तात्पुरत्या आयातीचं परमिट हवं. म्हणजे मेक्सिकोच्या लेखी तुमची गाडी हा आयात केलेला मालच! तो तुम्ही तिथे विकणार नाही, परत नेणार, याची हमी म्हणून अनामत भरायची. ती गाडीच्या मॉडेलवर ठरते: 2000 पर्यंतच्या गाडीला 200 डॉलर, 2001 ते 2006 ला 300 आणि 2007 पासून पुढे 400. परमिटची फी वेगळी. हे सगळं सांभाळते बानहेर्सितो नावाची बँक, जी मुळात तिथल्या लष्कराची बँक आहे.

हे ऐकताच बाबा खुलले. "म्हणजे आमच्यासारखंच! हैदराबादला जाणारा ट्रक सोलापुरातून नुसता पार जायचा असेल तर एका नाक्यावर नोंद, दुसऱ्या नाक्यावर पावती दाखवून सुटका. मधे माल उतरवला तर जकात." मी इंजिनियर असून जे मला दोन संध्याकाळी लागले, ते बाबांनी दोन वाक्यांत समजावलं.

मग त्यांनी प्लॅस्टिकचं फोल्डर तयार केलं. सगळ्यांचे पासपोर्ट, आमची ग्रीन कार्डं, गाडीचं रजिस्ट्रेशन, लायसन्स. गाडीचं कर्ज फिटायचं होतं, म्हणून गाडी मेक्सिकोत न्यायला हरकत नाही असं बँकेचं पत्र. आपला अमेरिकन विमा तिथे कोणी विचारात घेत नाही, म्हणून मेक्सिकन कंपनीचा चार दिवसांचा विमा. आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. "बाबा, हल्ली सगळं फोनवर असतं," मी म्हटलं. "फोनवर शिक्का मारतात का?" बाबा म्हणाले.

लॅरेडोच्या समोरचं तमाउलिपास राज्य. तिथे जाऊ नका असा अमेरिकन परराष्ट्र खात्याचा कडक इशारा आहे. म्हणून शहराच्या वायव्येचा कोलंबिया पूल धरला. तो थेट नुएव्हो लेओन राज्यात उतरतो. प्रवास दिवसाउजेडीच आणि टोलच्या रस्त्यानं करायचा, असंही ठरवलं होतं.

पुलावर पाहतो तर काय, आमच्या पुढे-मागे पिकअप ट्रकच ट्रक. इलिनॉय, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना अशा पाट्या. मागे वॉशिंग मशीन, सायकली, गाद्या, वर ताडपत्री आणि दोऱ्या. ही सगळी इकडे काम करणारी मेक्सिकन मंडळी नाताळासाठी गावी निघालेली. त्यांना तिकडे 'पायसानो' म्हणतात, म्हणजे आपला गाववाला. बाबा बराच वेळ खिडकीतून बघत होते.

पलीकडे आधी माणसांचे कागद झाले. बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यानं त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागला नाही. मग गाडीची खिडकी. गाडी मेधाच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या नावावर, त्यामुळे परमिटही तिच्याच नावावर. फॉर्मवर आडनावाचे दोन रकाने: एक वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात. मेधाच्या पासपोर्टवर मधे माझं नाव, रजिस्ट्रेशनवर ते नाहीच. खिडकीतल्या बाईंनी माझं नाव तिच्या एका आडनावाच्या रकान्यात घातलं, मग कागद ताडून पाहिले आणि मान हलवली. आमचं स्पॅनिश 'ग्रासियास'पलीकडे जाईना. मागे रांग वाढत होती. परमिट नाही मिळालं तर इथूनच मागे फिरायचं, आणि मुलगी तर "परत जायचं का?" म्हणून रडकुंडीला आलेली.

बाबा पुढे झाले. फोल्डरमधून आमचा विवाहाचा दाखला काढला, त्यावरच्या इंग्रजीतल्या मेधाच्या पूर्ण नावावर बोट ठेवलं, मग माझ्या पासपोर्टवर, मग माझ्याकडे. एक शब्द बोलले नाहीत. बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला, आत साहेबांना दाखवून आल्या, रकाना दुरुस्त केला आणि शिक्का मारला. मी दाखला आणायला सांगितलाही नव्हता. "नाक्यावर नाव जुळत नाही हे रोजचंच," बाबा नंतर म्हणाले.

काचेवर चिकटवायचा होलोग्रामचा स्टिकर मिळाला, मुदत 180 दिवस. पुढे कस्टमचा सिग्नल. हिरवा लागला तर चला, लाल लागला तर सामान उघडा. आम्हाला हिरवा लागला. शेजारच्या ट्रकला लाल लागला आणि इतक्या निगुतीनं बांधलेल्या दोऱ्या बिचाऱ्यांना सोडाव्या लागल्या.

मॉन्टेरे मला फार आवडलं. शहरावर घोड्याच्या खोगिरासारखा डोंगर आहे, नावही तेच, सेर्रो दे ला सिया. 1900 साली सुरू झालेला आणि 1986 मध्ये बंद पडलेला पोलादाचा कारखाना तिथे मोठी बाग होऊन उभा आहे. तिसऱ्या भट्टीचं 2007 मध्ये संग्रहालय केलंय. मी ती भट्टी बघत तास काढला. बाबा बाकावर बसून सोलापूरच्या बंद गिरण्यांबद्दल बोलत राहिले.

परतताना रविवार, सोमवारी ऑफिस, आणि पुलाकडे जाणारी लांब रांग. परमिट रद्द करायचं तर रांग सोडून बानहेर्सितोच्या खिडकीकडे वळायचं आणि मग पुन्हा शेवटी येऊन उभं राहायचं. मी म्हटलं, "180 दिवस आहेत. उन्हाळ्यात पुन्हा येऊ तेव्हा करू."

"आधी नोंद मोड," बाबा म्हणाले. आवाज नाक्यावरचा होता. "आत आलेला माल बाहेर गेल्याची पावती नसेल, तर तो आतच आहे."

जरा कुरकुर करत वळलो. कर्मचाऱ्यानं गाडीचा नंबर ताडला, स्टिकर काढून घेतला, पावती दिली. 400 डॉलर कार्डावर परत आले. तीनच महिन्यांत, मार्च 2020 मध्ये, कोविडमुळे सगळं जगच घरात बसलं. उन्हाळ्यात कसले जातोय! अनामत बुडाली असती, आणि जुनं परमिट मोडल्याशिवाय मेधाच्या नावावर नवीनही मिळालं नसतं.

तुम्ही जाणार असाल तर इतकंच सांगतो: नियम बदलतात, निघण्यापूर्वी ताजी चौकशी करा, कागदांवरची नावं आधी घरी जुळवून बघा, आणि परतताना परमिट मोडल्याशिवाय पूल चढू नका.

त्या दिवशी पूल ओलांडताना समोरून अजूनही भरलेले ट्रक दक्षिणेकडे चालले होते. बाबा म्हणाले, "यांचं बरं आहे. पोरं गाडीत सामान भरून थेट अंगणात येतात." मी काही बोललो नाही. ऑफिसरनं पासपोर्ट मागितले, बाबांनी फोल्डर उघडलं. ती पावती अजून त्याच फोल्डरमध्ये आहे, सोलापूरला, त्यांच्या कपाटात.