आचका

गेल्या पावसाळ्यापासून माझा डावा अंगठा नवजाताला श्वास देण्याच्या मास्कवर टिकत नाही. सांध्यातून कळ येते, कडेने हवा निसटते, लेकराची छाती उचलत नाही. ३१ वर्षं प्रसूतिगृहात काढल्यावर हे कबूल करणं जड जातं. हल्ली मास्कला जोडलेली, हवा दाबायची बॅग मी शिकाऊ मुलीच्या हातात देते आणि स्वतः नाळेच्या मुळाशी दोन बोटं ठेवून ठोके मोजते. मोजता मोजताच माझी जुनी चूक मला नीट कळली.

मी नोकरीला लागले तेव्हा धाराशिवला उस्मानाबाद म्हणत, आणि न रडणाऱ्या प्रत्येक लेकराच्या घशात सक्शनची नळी जायचीच. माझा हात त्यात सफाईचा. नळी आत गेली की लेकरू आचका द्यायचं, मग रडायचं. दाराशी उभी असलेली आजी म्हणायची, "बाईच्या हाताला यश हाय." ते ऐकायला मला फार आवडायचं. गरज नसतानाही मी नळी घातली आहे. नुसतं पुसल्यावर रडलेल्या लेकराचं श्रेय कुणी मला दिलं नसतं.

एका ग्रामीण रुग्णालयातली रात्र मात्र जात नाही. गर्भजल स्वच्छ होतं, लेकरू निळं आणि ढिलं. मी नळी घातली, आचका आला नाही. आणखी खोल घातली. निळं लेकरू पांढरं पडलं. सहा सेकंदांत आधी सात ठोके लागले होते, नळीनंतर चार. लेकरूच कमजोर आहे असं मी धरलं आणि पुन्हा नळी घातली. तिसऱ्या दिवशी ते गेलं. नळीनेच गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्याचं पहिलं मिनिट माझ्या नळीने खाल्लं.

मग ह्या दोन गोष्टी माझा पिच्छा सोडीनात. तीच नळी, तोच घसा. कधी आचका, कधी ठोका बसतो. "आधी तोंड, मग नाक" हे आपण सगळ्या पाठ म्हणतो. का, तर नाकाला स्पर्श झाला की लेकरू दचकून श्वास ओढतं आणि तोंडातली घाण आत जाते. नाकामागे, घशाच्या वरच्या भागात, ही ओढ बसलेली आहे. स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरात टोमोरी नावाच्या शास्त्रज्ञाने भूल दिलेल्या मांजरांवर ती तपासली. तिथे स्पर्श केल्यावर थांबलेला श्वासही परत आला. पण थोडं खाली, स्वरयंत्राजवळ गेलं की घसा मिटतो, श्वास थांबतो, हृदय मंदावतं. नवजातांच्या घशात नळी गेल्यावर ठोके कसे पडतात हे १९७१ सालीच छापून आलं होतं. दोन जागांत बोटभरसुद्धा अंतर नाही. बुळबुळीत घशात, घाईच्या हाताने, वरची जागा नेमकी गाठायची मी वर्षानुवर्षं खटपट केली. खात्रीने एकदाही जमलं नाही.

आमच्याकडे फीट आलेल्याच्या नाकाशी कांदा फोडून धरतात. सुईणी न रडणाऱ्या लेकराच्या नाकाशीही धरायच्या. त्यांना मी हसत नाही. दार त्यांनी बरोबर ओळखलं होतं, आत हवा ढकलायचं साधन तेवढं हाती नव्हतं. राग येतो तो अजूनही लेकरू उलटं टांगून थापट्या मारणाऱ्यांचा. त्यांत शिकलेलेही आहेत.

साधन हाती आल्यावर काय होतं ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना घरच्या बाळंतपणात नवजाताची काळजी घ्यायला शिकवलं, गुदमरलेल्या लेकराला श्वास द्यायलासुद्धा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते काम आलं तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद होती. त्या गावच्या बायका होत्या, माझ्यासारख्या नर्सिंग शिकलेल्या नव्हत्या. हे वाचून मला आनंदाच्या आधी मत्सर वाटला होता.

मागच्या महिन्यात लोहारा तालुक्यातली एक पहिलटकरीण आली. लेकरू निपचित. माझा हात सवयीने नळीकडे गेला, तोवर शिकाऊ मुलीने मास्क बसवला होता. बाहेरून आवाज, "सिस्टर, लेकरू रडंना का?" बोटांखाली सहा सेकंदांत सहा ठोके. चौथ्या-पाचव्या दाबाला हनुवटी खाली पडली, तोंड उघडलं, बरगड्यांखाली खळगा पडला. "सिस्टर, बॅग एकदम हलकी लागली," पोरगी म्हणाली. फुगणाऱ्या फुप्फुसाने लेकराला स्वतः श्वास ओढायला लावलं होतं. हेन्री हेड नावाच्या शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हा प्रतिक्षेप नोंदवला. मला तो त्या दिवशी बोटांना कळला. ठोके आठ. मग अकरा. मराठीत आचके मरणारा देतो. पण मरणारा असो की न रडणारं लेकरू, मेंदूच्या देठातला शेवटचा प्रयत्न दोन्हीकडे तोच असतो. त्या वेळी फुप्फुसात हवा पोचली तर तिथूनच माणूस परत फिरू शकतो.

बायांनो, गर्भजल स्वच्छ असेल तर नळी ट्रेमध्येच राहू द्या. २०१० पासून जगभरच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. पुसा, पाठ चोळा, मान नीट ठेवा. तरी रडलं नाही तर पहिलं मिनिट संपायच्या आत बॅग लावा.