बारा कोपऱ्यांचे चर्च

मध्य फिनलंडमध्ये पेतायावेसी नावाचे गाव आहे. तिथले जुने लुथरन चर्च दोन सरोवरांमधल्या एका भूशिरावर उभे आहे, कारण उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून येणाऱ्यांना तेच सोयीचे होते. याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पानेन या सुताराच्या देखरेखीखाली 1763 ते 1765 या काळात ते बांधले गेले. युनेस्कोने 1994 साली त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. युरोपीय प्रबोधनकाळातली मध्यवर्ती आराखड्याची कल्पना आणि गॉथिक परंपरेतली कमानदार छते यांचा इथे मेळ पडला आहे, असे त्या वेळी नोंदवले गेले. ते खरेच आहे. पण एवढेच वाचले तर असे वाटू लागते की राजधान्यांतल्या दगडी वैभवाची एका खेड्यातल्या सुताराने लाकडात नक्कल केली. मला हे पटत नाही. लाकूड किती साथ देईल आणि उपासनेला काय लागेल, हे दोन प्रश्न त्या सुतारापुढे एकत्रच उभे होते. त्या दोन्हींचा त्याने एकदम विचार केला, आणि हा विचार त्या चर्चच्या भिंतींत आजही वाचता येतो.

आधी लाकडाचे पाहू. ओंडके एकावर एक आडवे रचायचे आणि कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे, ही तिकडची बांधणी. अशा भिंतीचे बळ तिच्या कोपऱ्यांत असते. कोपऱ्यापासून दूर, लांब सरळ पट्ट्यात तिला मधे आधार नसतो, आणि छताच्या भाराने ती बाहेर झुकू लागते. शिवाय ओंडक्याची लांबी पाइनच्या झाडाने ठरवून दिलेली, ती माणसाला वाढवता येत नाही. मग शे-दोनशे माणसे मावतील असा मोठा दिवाणखाना लाकडात बांधायचा कसा? उत्तरेकडच्या सुतारांनी यावर एक उपाय काढला होता. 1686 साली तोर्नियोला बांधलेल्या चर्चमध्ये लांब भिंतींना ओंडक्यांचेच पोकळ खांब जोडलेले दिसतात. दुसरा उपाय क्रूसाच्या आकाराचा. सारख्या लांबीच्या चार भुजा काढल्या की भिंतींचे आखूड तुकडे होतात, चाराऐवजी बारा कोपरे मिळतात आणि प्रत्येक भिंत शेजारच्या भिंतीला धरून राहते. क्रूस हे श्रद्धेचे चिन्ह तर खरेच, पण इथे तो भिंत उभी ठेवण्याची रीतही आहे.

आणि नेमका हाच आकार लुथरन उपासनेच्या सोयीचा निघाला. या पंथात प्रवचनाला मोठे स्थान आहे आणि ते लोकांच्या भाषेत व्हावे लागते. फिनिश भाषेत नवा करार 1548 साली छापला गेला, संपूर्ण बायबल 1642 साली. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता, आणि 1686 च्या चर्च कायद्याने सामान्य माणसानेही वाचायला शिकावे अशी अपेक्षा ठेवली होती. म्हणजे बाकावर बसलेला शेतकरी नुसता विधी बघायला आलेला नव्हता, तो ऐकायला आलेला होता. लांबट चर्चमध्ये मागच्या रांगेपर्यंत उपदेशकाचा आवाज विरून जातो. क्रूसाच्या आकारात मधल्या चौकाशी उपदेशपीठ ठेवले की कोणतीही भुजा फार दूर पडत नाही. पेतायावेसीचे उपदेशपीठ संत ख्रिस्तोफरच्या कोरीव मूर्तीने पेलले आहे. आख्यायिकेत त्याने बाळ ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी पार केली. इथे त्याच्या शिरावर शब्दाचे ओझे आहे. संतांचा धावा न करणाऱ्या पंथाने ही मूर्ती ठेवली आणि तिला कामाला लावले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

यावर कोणी म्हणेल, क्रूसाचा आराखडा सुतारांना सुचलेला नाहीच. स्टॉकहोममध्ये 1656 पासून उभारलेल्या कातारिना चर्चचा नमुना समोर होता. बरोबर आहे, उसनवारी झाली. पण राजधानीत दुसरेही नमुने होते. त्यांतला हाच खेड्यापाड्यांत इतका रुजला, कारण तो ओंडक्याच्या स्वभावाला जुळला. अधिक अवघड आक्षेप छताचा आहे. दगडी कमान भार वाहते. लाकडी फळ्यांची कमान काहीच वाहत नाही, खरा भार वरच्या छपराच्या सांगाड्यावर असतो. मग ती निव्वळ सोंग नाही का? बांधकामाच्या दृष्टीने आक्षेप बिनतोड आहे, आणि तो मी मान्य करतो. तरी त्या फळ्या निकामी नाहीत. सपाट तक्तपोशीने झाकली गेली असती ती छपराखालची पोकळी त्यांनी माणसांना मिळवून दिली. मधल्या अष्टकोनी घुमटाकडे नजर चढत जाते ती त्यांच्यामुळेच, आणि दगडी छतासारखा लांबणारा घुमारा नसल्यामुळे बोललेला शब्द स्पष्ट राहतो. रूप उसने घेतले, पण त्याला काम नवे दिले.

1879 साली गावाने नवे चर्च बांधले आणि हे रिकामे पडले. गावाला त्याची किंमत नव्हती, परक्यांनी ती सांगितली, असेही म्हणता येईल. 1920 च्या दशकात ऑस्ट्रियन कला-इतिहासकार योसेफ स्त्रशिगोव्स्की यांनी त्याचे मोल ओळखले, हे खरेच आहे. पण रिकामे म्हणजे टाकून दिलेले नव्हे. दफनभूमी वापरात राहिली, घंटाही तिथेच वाजत राहिली. रविवारची गर्दी नसल्यामुळे आत शेगडी आली नाही, भिंतींना रंग लागला नाही, आणि कुऱ्हाडीने तासलेल्या खुणांसह उघडे लाकूड शिल्लक राहिले. घंटेचा मनोरा मात्र पहिल्या बांधणीतला नाही. तो 1821 साली पश्चिमेच्या भुजेला जोडला गेला, आणि जोडणारा होता एर्की लेप्पानेन, याक्कोचा नातू. आजोबांच्या भिंतीला आपला मनोरा कुठे आणि कसा भिडवायचा, हे त्याला कळले होते. ते ज्ञान घराण्यात कामातून उतरलेले होते.