सागाचा रंग

१९९४ च्या दिवाळीनंतर माय मला लकडगंजला मामाजींकडे घेऊन गेली. पाहायला येणारी मंडळी नागपूरची होती, त्यांना आमच्या खेड्यापर्यंत येणं जमणारं नव्हतं. मामाजी आरा मशीनवर कामाला. घरभर लाकडाचा भुसा, वरणातसुद्धा.

गावात मला कोणी काळी म्हणत नव्हतं असं नाही. 'काळी' हेच माझं हाकेचं नाव होतं. पण भर उन्हात कापूस वेचणाऱ्या बायांत गोरी राहते कोण? त्या नावाचं ओझं लकडगंजात आल्यावर कळलं.

ते वर्षच तसं होतं. मे महिन्यात सुश्मिता सेन विश्वसुंदरी झाली, नोव्हेंबरात ऐश्वर्या राय जगत्सुंदरी. टीव्हीवर, पेपरात तेच चेहरे. १९७५ साली बाजारात आलेली 'फेअर अँड लव्हली' तर घरोघरी माहीत. जाहिरातीतली सावळी पोरगी उजळली की तिचं सगळंच जुळून यायचं. मामी म्हणाली, "आधी बेसन-हळद लाव, मग क्रीम. फरक पडते." मी लावलं. मनापासून लावलं, हे सांगायची अजून लाज वाटते. रोज सकाळी आरशात मनगट गालाजवळ धरून रंग ताडून पाहायची.

फोटोही काढला. स्टुडिओवाल्यानं न सांगता चेहरा उजळ करून दिला. मायला तो फार आवडला.

मंडळी आली. मी पोह्यांची बशी पुढे केली. मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला, माझ्या तोंडाशेजारी धरला अन् म्हणाली, "फोटोत तर उजळ दिसते हो." कोणी काही बोललं नाही. मामाजी खाली पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन मशीनवर गेले. चंद्रपूरकडचा सागवान चिरणं सुरू होतं. गिऱ्हाईक ओरडून सांगत होता, "पांढरं काढून टाका, मले पांढरं नाही पाह्यजे." मी विचारलं, काहून? मामाजी म्हणाले, "गाभ्याचं लाकूड तपकिरी, ते टिकते. बाहेरचं पांढरं कच्चं, त्याले किडे खाते." पलीकडे एकजण फिक्या, स्वस्त लाकडाच्या पाटाला सागाचा रंग चढवत बसला होता. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डबा न उघडताच म्हणाले, "पोरी, काल म्या बोलाले पाह्यजे होतं." त्यांच्या पापण्यांवर भुसा बसला होता.

लग्न पुढे दुसरीकडे झालं, फोटो न पाठवता. त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' कंपनीनं २०२० मध्ये काढून टाकला, 'ग्लो' घातला. डबी तीच गुलाबी.

परवा मायची पेटी आवरताना तो फोटो निघाला. माझ्या मुलीनं हातात घेऊन विचारलं, "ही कोण गं?" तिच्या मोबाईलमधले तिचे फोटो मी पाहिलेले आहेत. त्यातली पोरगीही मला ओळखू येत नाही. मी फोटो घेतला अन् परत पेटीत ठेवला.