अम्मींच्या गोळीपुढची तीन अक्षरे

रमजानच्या दोन महिने आधी अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. घरी आणताना डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पिशवी सोबत मिळाली. कार्डावर एका गोळीपुढे 'बीडी', दुसरीपुढे 'टीडीएस' आणि दुखण्याच्या गोळीपुढे 'एसओएस' असे लिहिले होते. निघण्याच्या घाईत कुणी समजावले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाचा इशारा, एवढेच आम्हाला ठाऊक. तेव्हा ही गोळी जिवावर बेतले तरच द्यायची, असा अर्थ आम्ही लावला. दोन रात्री अम्मी तसबीह हातात घेऊन जागल्या. "फार दुखतंय का?" म्हणून विचारले, की "अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे. तुम्ही झोपा," एवढेच म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याने कार्ड पाहिले आणि म्हणाला, "अहो सर, एसओएस म्हणजे लागली तर द्या. दिवसात जास्तीत जास्त किती, ते तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या." डॉक्टरांना फोन केला, गोळी दिली. त्या रात्री अम्मी झोपल्या. आम्हाला मात्र झोप येईना.

शाळेत मुलांना उर्दू आणि मराठीचे शब्दार्थ सांगणारे आम्ही, आणि घरात तीन अक्षरांनी हरलो! ती अक्षरे लॅटिन भाषेतली निघाली. मोबाईलवर लॅटिन-इंग्रजी शब्दकोश उघडून 'सी ओपुस सित' हे मूळ शब्द एकेक करून घातले. 'सी' म्हणजे जर, 'ओपुस' म्हणजे काम, 'सित' म्हणजे असेल. जर काम असेल! गोळीचा आणि कामाचा काय संबंध? मग 'ओपुस'ची नोंद शेवटपर्यंत वाचली. हाच शब्द 'असणे' या क्रियापदाबरोबर आला, की त्याचा अर्थ 'गरज असणे' होतो. उर्दूत 'काम आना' म्हणजे काम येणे नव्हे, उपयोगी पडणे, तसेच हे.

'टीडीएस'मधला 'सुमेंदुम' शोधताना वेगळीच अडचण आली. जुन्या पद्धतीच्या कोशात तो त्या जागी सापडत नाही, कारण क्रियापदाची नोंद 'सुमो', म्हणजे 'मी घेतो', या रूपाखाली असते. इथे आम्हाला आमचा अरबी कोश आठवला. 'मक्तूब' हवा असेल, तर काफ-ते-बे या मूळ अक्षरांकडे जावे लागते. अमेरिकन हवाई दलातले कर्नल विल्यम व्हिटेकर यांनी मात्र असा संगणक-कोश केला आहे, की त्यात शब्दाचे कोणतेही रूप घाला, तो मूळ शब्द आणि व्याकरण दोन्ही सांगतो. त्यावरून उलगडले : दिवसातून तीनदा घ्यावयाचे.

मग हुरूप येऊन शाळेत रोज लिहितो तो 'बोनाफाईड' शब्दही पाहिला. 'बोना' म्हणजे चांगल्या. 'फिदे'ला मात्र दोन मुळे दिसली : एक विश्वास, दुसरे तंतुवाद्याची तार. कोश दोन्ही पुढे ठेवतो. निवड आपण करायची. चांगल्या तारेने दाखला कोण देईल? 'चांगल्या विश्वासाने', म्हणजे आपल्या भाषेत नेकनीयतीने. इतकी वर्षे त्या दाखल्यांवर सह्या केल्या, पण आपण कशाची ग्वाही देतो हे त्या रात्री कळले.

कोशाने शब्द दिले, पण गोळी कधी द्यायची हे त्याच्या भरवशावर ठरवायचे नसते. ते डॉक्टर किंवा औषधवाल्यालाच विचारायचे. रमजान आला तेव्हा सहेरी आणि इफ्तारच्या वेळा पुढे ठेवून आम्ही डॉक्टरांकडूनच गोळ्यांचे वेळापत्रक लिहून घेतले. आता दवाखान्यातून निघण्याआधी कार्डावरची प्रत्येक ओळ वाचून घेतो. न समजलेले विचारायला लाज वाटते खरी. पण ती लाज आमची असते आणि दुखणे दुसऱ्याचे.

अम्मींना सगळे सांगितले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गरज असेल तर, एवढंच ना? मग मराठीत लिहायला काय झालं होतं त्यांना?"

याचे उत्तर कोणत्याच कोशात सापडले नाही. आम्ही कागद घेतला आणि प्रत्येक गोळीचे नाव, वेळ आणि कारण ठळक मराठीत लिहून अम्मींच्या पलंगाजवळ चिकटवले.